कॅल्शियमची ‘वाहिनी’ : एका प्रतिशब्दाचे परीक्षण

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा संज्ञा संस्कृत असावी की देशी, ह्या प्रश्नापाशीच थांबते. संज्ञेने वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे केले व ते वस्तुस्थितीस कितपत धरून आहे, हे क्वचितच तपासले जाते. हृदयाच्या पेशींतील कॅल्शियम चॅनलसाठी मराठीत ‘वाहिनी’, ‘नलिका’, ‘मार्ग’ असे शब्द योजले जातात. त्यांपैकी ‘वाहिनी’ हा सर्वांत प्रतिष्ठित, आणि सर्वांत फसवा.

रक्तवाहिनी, केशवाहिनी, रसवाहिनी ह्या शब्दांनी शरीरशास्त्राच्या मराठी वाचकाला एक सवय लावली आहे. वाहिनी म्हणजे लांब, पोकळ, सदा वाहती नळी. (दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी ह्या सवयीत जी भर घातली, तिचा येथे विचार नको.) वस्तुतः कॅल्शियम चॅनल हे पेशीपटलात रुतलेले एक प्रथिन होय. त्याची लांबी पटलाच्या जाडीहून फारशी अधिक नाही, आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधील बहुतेक काळ ते मिटलेलेच असते. पेशीबाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी अधिक असल्यामुळे वाहणे हे आपोआपच घडते. खरी करामत आहे ती केव्हा उघडावे, किती वेळ उघडे राहावे आणि केव्हा मिटावे ह्याची. वाढत्या आणि रोगग्रस्त हृदयाचा सारा इतिहास ह्या तीन क्रियापदांत आहे, आणि ‘वाहिनी’ ह्या नामात त्यांपैकी एकही नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात नळगंगेवर मातीचे धरण आहे. अशा धरणाखालच्या शेतकऱ्याच्या बोलीत पाट, चारी, दार, आवर्तन हे शब्द वेगवेगळे असतात. पाट आणि पाटाचे दार ह्यांत तो गल्लत करीत नाही, आणि विद्यापीठीय गद्याने तरी ती का करावी? अर्थात उपमेला मर्यादा आहेत. पाटाचे दार पाटकरी उघडतो, तर पेशीचे दार पटलावरील विद्युत्दाबातील फरक स्वतःच ओळखून उघडते. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. प्रौढ हृदयात दारातून येणारे कॅल्शियम थोडे असते. ते पेशीतील कोठाराला इशारा देते, आणि आकुंचनासाठी लागणारा मोठा साठा त्या कोठारातून सुटतो. म्हणजे शेतात स्वतःची भरलेली विहीर आहे आणि पाटाचे पाणी केवळ मोटर चालू करण्यापुरते.

नवजात बालकाच्या हृदयात ही विहीर अजून पुरती खोदलेली नसते. कोठार अपक्व असते, पटलाच्या आत शिरणाऱ्या सूक्ष्म खाचाही पुरत्या तयार नसतात, आणि आकुंचन बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर फार अधिक अवलंबून राहते. जे व्हेरापामिल प्रौढाच्या हृदयाची अनावर गती आवरते, तेच एक वर्षाखालील बालकास शिरेतून दिल्यास प्राणघातक ठरू शकते, ते ह्यामुळेच. औषध तेच, दारही तेच. शेताची स्थिती मात्र निराळी.

1883 मध्ये सिडनी रिंगर ह्यांना बेडकाचे हृदय चालते ठेवणारा घटक लंडनच्या नळाच्या पाण्यातील चुन्याच्या अंशात सापडला. दारांचे प्रकार उलगडण्यास त्यानंतर सुमारे शंभर वर्षे लागली. हृदयात दोन मुख्य प्रकार मानतात : दीर्घकाळ उघडे राहणारे ‘एल’ आणि क्षणिक ‘टी’. गर्भाच्या हृदयातील जवनिकांत ‘टी’ विपुल असते आणि जन्मानंतर तेथून ते ओसरते. रक्तदाबाच्या भाराने जाड झालेल्या जवनिकांत ते पुन्हा दिसू लागते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. ह्या घटनेचे वर्णन ‘हृदय गर्भावस्थेकडे परतते’ असे करण्याचा मोह लेखकांना आवरत नाही. वाक्य सुंदर आहे, पण ते विश्वासार्ह नाही. गर्भातील दार वाढत्या पेशीत असते, तर हे दार थकलेल्या पेशीत. शिवाय ‘टी’ हे एकच पात्र नव्हे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील दोन संशोधनांत त्याच्या एका उपप्रकाराचा अभाव हृदयाची जाडी रोखताना दिसला, तर दुसऱ्या उपप्रकाराची विपुलता जाडीस प्रतिबंध करताना दिसली. ‘परतणे’ हे एकच क्रियापद ह्या दोहोंना पुरत नाही.

मिटण्याचे महत्त्व पटण्यास टिमोथी सिंड्रोमएवढा स्पष्ट दाखला दुसरा नसावा. 2004 मध्ये त्याचे कारण कळले. ‘एल’ प्रकारच्या प्रथिनात 406 व्या स्थानी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन येते, आणि उघडलेले दार वेळेवर मिटत नाही. ठोक्याची विद्युत्क्रिया लांबते, जीवघेणी अनियमितता उद्भवते, बोटे जुळलेली राहतात. येथे ‘वाहिनी’ तुंबलेली नाही, फुटलेलीही नाही. ह्या रोगाचे वर्णन त्या शब्दाच्या आधाराने करताच येत नाही.

औषधांच्या नावांत हा दोष ग्रंथाबाहेर पडून रुग्णापर्यंत पोहोचतो. फ्रायबुर्गचे आल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन ह्यांनी 1960 नंतरच्या दशकात ‘कॅल्शियम-विरोधक’ ही कल्पना मांडली, पण औषध कॅल्शियमला विरोध करीत नाही, दाराचे उघडणे कमी करते. पुढे रूढ झालेले ‘ब्लॉकर’ मराठी कानाला त्याहून वाईट. हृदयाच्या रोहिणीतील अडथळ्याला लोक ‘ब्लॉकेज’ म्हणतात. मोताळ्याच्या बाजारात चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाने ‘ब्लॉकर’ म्हणजे ब्लॉकेज करणारी गोळी असे समजून ती टाळली, अथवा कॅल्शियमच वाईट मानून दूध सोडले, तर त्याचे तर्कशास्त्र चुकले असे म्हणता येणार नाही. त्याला दिलेला शब्द चुकला आहे. ‘अवरोधक’ हा प्रतिशब्द त्याच चुकीचा संस्कृत अनुवाद होय.

‘कॅल्शियमद्वार’ आणि ‘द्वारनियामक’ ही जोडी अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या शब्दात उघडमीट आहे, आणि दुसऱ्यात पूर्ण बंदी नाही. तीही निर्दोष नाही : अ‍ॅम्लोडिपिनचे कार्य मुख्यतः हृदयाच्या द्वारांवर नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंच्या द्वारांवर चालते, आणि कोणते द्वार, कोठले द्वार, हे प्रत्येक वेळी वेगळे सांगावेच लागेल.