केळकरांचा सल्ला आणि आपला हिशेब

डॉ. विजय केळकर यांच्या कारकिर्दीची चिकित्सा आपल्या नियतकालिकांतून फारशी होत नाही. अर्थशास्त्र हे पांढरपेशांचे, असे म्हणून आपण ते बाजूला सारतो. आणि ज्या कारखान्यांनी, महामंडळांनी आपल्या माणसांना पहिला नियमित पगार दिला त्यांचे काय करायचे, ते मात्र त्याच शास्त्राचे जाणकार ठरवतात. माझ्या घरात पहिली पदवी आली ती वडिलांच्या रेल्वेतील गँगमनच्या पगारावर. त्यामुळे हा प्रश्न मला तटस्थपणे पाहता येत नाही, आणि पाहायचाही नाही.

केळकर पेट्रोलियम सचिव होते, अर्थसचिव होते, नाणेनिधीत भारताचे कार्यकारी संचालक होते, २००२ पासून अर्थमंत्र्यांचे सल्लागार होते. पुढे ते तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. सरकारे बदलली, सल्लागार तेच राहिले. २००५ मध्ये त्यांच्या समितीने आयुध निर्माण्यांचे महामंडळ करावे असे सुचवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. अंबरनाथ, खडकी, वरणगावचे कारखाने त्यांत वाटले गेले. वित्त आयोगाने सांगितले की सार्वजनिक उपक्रमांच्या जमिनींच्या नोंदी नीट ठेवाव्यात. जमीन उत्पादक कामी लावावी, दुसऱ्या सार्वजनिक प्रकल्पाला द्यावी, नाहीतर विकावी.

यातला नोंदींचा सल्ला मला सोळा आणे मान्य आहे. नंदाखालपासून विरारपर्यंत जमिनीचे काय होते हे ज्याने पाहिले, त्याला नोंद नसलेल्या जमिनीची किंमत कळते. पण ‘उत्पादक’ कोणासाठी?

कंपनी झाली म्हणून आरक्षण लगेच जात नाही, कारण भांडवल सरकारचेच असते. मात्र कंपनी विकता येते. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली आणि तिच्या नोकरभरतीवरचे १५, साडेसात आणि २७ टक्क्यांचे बंधन संपले. किती पैसे आले ते सर्वांनी वाचले. किती जागा गेल्या, याची चर्चा कोणी केली?

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे मागितले, ते केवळ उत्पादन वाढावे म्हणून नव्हे. आर्थिक सत्ता मूठभरांच्या हाती राहिली तर मूलभूत हक्क कागदावरच राहतात, हे त्यांनी ओळखले होते. आणि ते स्वप्नाळू नव्हते. १९४२ ते ४६ मजूरमंत्री म्हणून त्यांनी कारभार हाकला होता.

अजय शाह यांच्यासह २०१९ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात केळकरांची भूमिका अशी, की बाजार अपयशी ठरेल तेथेच राज्याने हात घालावा, तोही आपली कुवत ओळखून. ठीक. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्वेल यांच्या २००७ च्या अभ्यासात, सारखीच पात्रता असूनही दलित आडनावाच्या अर्जांना खाजगी कंपन्यांकडून बोलावणे कमी आले. आडनाव वाचून उमेदवार गाळणारा हा बाजार अपयशी म्हणायचा की नाही?

केळकर हे समजू शकत नाहीत असे मी मानत नाही. महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलावरचा २०१३ चा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखालचा. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष असतो, तो मोजावा लागतो आणि राज्यालाच भरून काढावा लागतो, हे त्यांना पटले होते. मग सार्वजनिक कारखान्याची किंमत ठरवताना जातीचा अनुशेष मोजायला कोणी सांगायचे? विक्रीचा प्रस्ताव येईल तेव्हा आपल्या संघटनांनी पहिली मागणी ही करावी: आरक्षित पदांची यादी आधी मांडा, भाव मग बोला.