मानधन म्हणजे कशाचं धन?

मराठीत लिहिण्याच्या पैशाला ‘मानधन’ म्हणतात. सुताराला मजुरी, वकिलाला फी, लेखकाला मानधन. शब्द गोड आहे, पण मला तो संशयास्पद वाटतो. मान हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो; तो किती आणि कधी मिळणार हे विचारणं असभ्य ठरतं. ‘यथाशक्ती’ आणि ‘यथावकाश’ हे शब्द मानधनालाच शोभतात. सुताराच्या मजुरीला कुणी लावून पाहावेत!

या शब्दाच्या दुसऱ्या तोट्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मानधन नेमकं कशाबद्दल, हे त्यातून कळतच नाही. दिवाळी अंकात एकदा छापण्याबद्दल? वेबसाइटवर कायम ठेवण्याबद्दल? ऑडिओबद्दल? पुढे निवडक लेखांच्या पुस्तकात घेण्याबद्दल? ‘मोबदला’ म्हटलं की ‘कशाचा?’ हा प्रश्न आपोआप येतो.

१९५७चा कॉपीराइट कायदा हाच प्रश्न विचारतो. कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. म्हणजे अंकाच्या पहिल्या पानावर ‘सर्व हक्क सुरक्षित’ छापल्याने मुक्त लेखकाचे हक्क कुणाकडे जात नाहीत. फोनवरच्या ‘पाठवा, छापतो’ यातून फार तर छापायची परवानगी मिळते.

चित्रकारांशी मात्र हा कायदा तितका उदार नाही. पैसे देऊन चित्र किंवा छायाचित्र करून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास कलम १७ प्रमाणे त्याचा पहिला मालक ते करून घेणारा. एकाच अंकातली कविता कवीची राहते आणि मुखपृष्ठ प्रकाशकाचं होतं. हा भेद मला अन्याय्य वाटतो. निदान चित्रकाराने तरी ब्रश उचलण्याआधी दोन ओळी लिहून घ्याव्यात.

हक्क विकल्यावरही काही उरतं. ‘आपका बंटी’वर निघालेल्या ‘समय की धारा’ या चित्रपटात कादंबरीची मोडतोड झाली, म्हणून मन्नू भंडारी न्यायालयात गेल्या. चित्रपटाचे हक्क त्यांनी दिलेले होते. तरी करार हा लेखकाच्या विशेष हक्कांच्या, म्हणजे कलम ५७च्या अधीन राहूनच वाचायचा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली स्पष्ट केलं. आपल्या नावावर आणि कृतीच्या अखंडतेवर लेखकाचा हक्क राहतो.

छोटी नियतकालिकं पदरमोड करून चालतात, त्यांच्याकडे कसला करार मागायचा, असं विचारलं जातं. त्यांची ओढाताण खरी आहे, आणि तिथे फुकट लिहिण्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण फुकट देतानाही ‘एकदा छापण्यासाठी, विनामूल्य’ एवढं ईमेलमध्ये लिहिता येतं. त्याला खर्च येत नाही. पैसे देणाऱ्या संपादकाने त्याच ओळीत रक्कम आणि तारीख घालावी. ती ओळ लिहायला लाज वाटते, कारण मधे ‘मान’ येतो. तो शब्द आधी व्यवहारातून काढू या. लेखकाचा मान त्याने कमी होणार नाही.