दोन भाषांचे घर आणि वाढते मुलगे

जबलपूर शहरातील गोहलपूर ही वस्ती मराठी वाचकाच्या परिचयाची असण्याचे काही कारण नाही. विणकरांची, विडी वळणाऱ्यांची आणि लहान दुकानदारांची ही वस्ती. तेथे माझ्या परिचयाचे एकच मराठी घर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्यप्रदेशाची फाळणी होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. त्या वेळी नागपुराहून बदलून आलेल्या एका कारकुनाचे हे बिऱ्हाड. घरात दोन वाढते मुलगे. आई स्वयंपाकघरातून मराठीत हाक मारी आणि मुले ओसरीवरून हिंदीत उत्तर देत. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. परप्रांतातील कोणत्याही मराठी घरी हे ऐकू येते. परंतु एका संध्याकाळी थोरला मुलगा परीक्षेत नापास होऊन आला आणि ती वार्ता त्याने आईला हिंदीत सांगितली. अर्ध्या तासाने त्याने जेवायला मागितले, ते मात्र मराठीत.

ही घटना क्षुल्लक आहे हे मला ठाऊक आहे. तथापि परप्रांतीय मराठी कुटुंबाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले गेले आहे, त्यात या क्षुल्लक घटनेला जागा का मिळाली नाही, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळीत आला आहे. अशा घराचे चित्र आपल्या कथेत येते तेव्हा ते बहुधा दोनच रीतींनी येते. एक तर लेखक त्याची गंमत करतो. हिंदी वळणाचे मराठी बोलणारा काका किंवा ‘मी येऊन राहिलो आहे’ म्हणणारा भाचा पुण्यामुंबईच्या पाहुण्यांपुढे हसण्यासाठी उभा केला जातो. नाही तर लेखक हळहळतो. मुलांची भाषा गेली, संस्कार गेले, आता या घरात ज्ञानेश्वरी कोण वाचणार, असा त्या हळहळीचा सूर असतो. या दोन्ही चित्रांत घर बाहेरून पाहिलेले असते. लज्जा कोणत्या भाषेत सांगावयाची आणि भूक कोणत्या भाषेत, ही वाटणी घरातल्या माणसांना नकळत झालेली असते, आणि नेमकी तीच त्या घराची खरी रचना असते.

ही रचना एखाद्या वाङ्मयाने गांभीर्याने पाहिली आहे काय, याचा शोध घेताना मला जपानी-अमेरिकन कादंबरीकार जॉन ओकाडा यांची ‘नो-नो बॉय’ ही कादंबरी भेटली. ती १९५७ साली प्रसिद्ध झाली. त्या काळी तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ओकाडा १९७१ साली वारले, आणि १९७६ साली ती पुन्हा छापली गेल्यावरच वाचक तिच्याकडे वळले. तिची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. जपानातून अमेरिकेत आलेल्या पहिल्या पिढीला ‘इस्सेई’ व तेथे जन्मलेल्या दुसऱ्या पिढीला ‘निसेई’ म्हणतात. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. पुढे १९४३ साली त्यांच्यापुढे निष्ठेची प्रश्नावली ठेवण्यात आली. सैन्यात जाण्याविषयीच्या आणि निष्ठेविषयीच्या दोन प्रश्नांना ज्यांनी ‘नाही’ म्हटले, ते ‘नो-नो’ ठरले. कादंबरीचा नायक इचिरो दोन वर्षे छावणीत आणि दोन वर्षे तुरुंगात काढून सिॲटलला घरी परततो, तेथे कथानकाचा आरंभ होतो.

आपल्या जबलपूर-इंदूरच्या मराठी कुटुंबांवर असा कोणताही प्रसंग आला नाही. त्यांना कोणी कुंपणात घातले नाही, त्यांच्या निष्ठेची परीक्षा घेतली नाही. उलट यजमान प्रांताने त्यांना मानाची पदे दिली. तेव्हा दुःखाची तुलना करणे अशोभनीय होईल. मला तुलना करावयाची आहे ती घरांची.

इचिरोचे घर म्हणजे एका किराणा दुकानामागच्या खोल्या. आईबापांना इंग्रजी जवळजवळ येत नाही आणि मुलांना जपानी बेताचेच येते. जपान हरलेच नाही अशी आईची अढळ श्रद्धा आहे. नातलगांची मदत मागणारी पत्रे आली तरी ती खोटी आहेत असे ती म्हणते. सख्ख्या बहिणीच्या पत्रात केवळ त्या दोघींनाच ठाऊक असलेली बालपणीची गोष्ट निघते, तेव्हा तिचा बांध फुटतो. धाकटा तारो अठरावे वर्ष लागताच शाळा सोडून सैन्यात जावयास निघतो, कारण थोरल्याची लाज त्याला फेडावयाची आहे. यातील राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. माझे लक्ष वेधले ते एका दृश्याने. भ्रमिष्ट होत चाललेली आई दुकानात दुधाचे डबे फळीवर ओळीने लावते, ते खाली लोटते आणि पुन्हा लावते. मुलगा पाहत असतो. त्याच्यापाशी असा एकही शब्द नाही जो तिच्यापर्यंत पोचेल. त्याचे जपानी घरगुती वापराचे, मागण्याचे व उत्तर देण्याचे जपानी आहे. क्षमा मागण्याइतके किंवा दोष देण्याइतके ते कधी वाढलेच नाही.

येथे ओकाडांच्या कसबाविषयी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सारी कादंबरी इंग्रजीत आहे. आईचे बोलणेही इंग्रजीतच उतरविले आहे. तरीही कोण कोणत्या भाषेत बोलत आहे याविषयी वाचकाचा गोंधळ होत नाही. मोडके इंग्रजी तिच्या तोंडी घालून लेखकाने तिला हास्यास्पद केलेले नाही, कारण स्वतःच्या भाषेत ती मोडके बोलतच नाही. आपल्या विनोदी कथांतील ‘येऊन राहिलो’वाल्या काकांच्या जनकांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे. कादंबरी निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. इचिरोची स्वगते लांबतात, एमी ही स्त्री रक्तामांसाची न वाटता सांत्वनाची मूर्ती वाटते, आणि आईच्या वाट्याला हट्टाखेरीज फारसे काही येत नाही. या शेवटच्या बाबतीत हिसाये यामामोतो यांची ‘सेव्हन्टीन सिलेबल्स’ ही १९४९ सालची कथा अधिक समतोल आहे. तीत टोमॅटोच्या मळ्यावर राबणारी आई रात्री हायकू रचते आणि मुलगी समजल्याचे सोंग करते. ‘हो, हो, छान आहे’ म्हणणे तिला सोपे जाते. आपल्याला समजले नाही, हे आईला सांगणे अवघड.

आता आपल्याकडे वळू. हिंदी प्रदेशातील मराठी घरांत वाढलेल्या मुलांनी काय केले, याचा इतिहास हळहळीच्या सुराला मुळीच पोषक नाही. दमोह जिल्ह्यात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी हिंदीच्या आरंभीच्या कथांत गणली जाणारी कथा १९०१ साली लिहिली आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९४३ च्या ‘तार सप्तक’ या युगप्रवर्तक संग्रहातील सात कवींपैकी दोघे, गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी मातृभाषेचे होते. सातांत दोन! याला भाषेचा ऱ्हास म्हणावयाचे असेल तर ऱ्हासाची व्याख्याच बदलावी लागेल.

पण खरे उदाहरण मुक्तिबोधांच्या घराचे. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात नोकरीस, त्यामुळे बदल्यांचे जीवन आणि अखेर उज्जैन. आईचे माहेर बुंदेलखंडाकडचे. ती प्रेमचंद वाचीत असे आणि हरिभाऊ आपटेही. घरात थोरल्या मुलाला ‘बाबूसाहेब’ म्हणत. या एका संबोधनातच दोन्ही भाषांचा शेजार दिसतो. थोरले गजानन (१९१७-१९६४) हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले. धाकटे शरच्चंद्र (१९२१-१९८४) ‘नवी मळवाट’ व ‘यात्रिक’चे कवी, ‘क्षिप्रा’चे कादंबरीकार आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून मराठीत मान्यता पावले. या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकच आई, एकच जेवणाची पंगत, आणि दोन वाङ्मये. थोरल्याने १९४८ पूर्वी काही काळ जबलपुरात शिक्षकी व पत्रकारी केली. पुढे तो नागपुरास आला, जेथे धाकट्याचेही वास्तव्य होते, आणि त्याच्या ‘एक साहित्यिक की डायरी’तील प्रकरणे जबलपूरच्या ‘वसुधा’ मासिकातून प्रसिद्ध झाली.

या दोन भावांचे टीकाकारांनी काय केले? हिंदी समीक्षेने थोरल्याला घेतले, मराठी समीक्षेने धाकट्याला, आणि घर मधोमध कापले गेले. हिंदी अभ्यासक गजाननरावांच्या मराठीपणाचा उल्लेख चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात करून पुढे जातात. आपण शरच्चंद्रांच्या मार्क्सवादाची, नवकाव्यातील त्यांच्या स्थानाची चर्चा करतो, पण ज्या कादंबरीच्या शीर्षकातच उज्जैनची नदी आहे, तिच्यातील बिशूची वाढ कोणत्या भाषिक हवेत होते हे क्वचितच विचारतो. प्रादेशिक कादंबरीविषयी आपण एवढे लिहिले. कोकण, माणदेश, वऱ्हाड यांच्या बोलींचे कौतुक केले. माळवा आणि महाकोशल मात्र आपल्या ‘प्रदेशा’त बसले नाहीत, कारण तेथील मराठी ही बोली न ठरता भेसळ ठरली.

यावर असा आक्षेप येईल की, मी संवादांत हिंदी मिसळण्याचा पुरस्कार करीत आहे. तसे मुळीच नाही. पात्रांच्या तोंडी चार हिंदी शब्द पेरले की वास्तवता साधते, हा समज भाबडा आहे. मिश्रणापेक्षा वाटणी महत्त्वाची. गोहलपूरच्या त्या घरात दोन्ही मुलगे आपसांत भांडत ते हिंदीत. आजारी पडत तेव्हा कण्हत मराठीत. बापाशी शाळेच्या शुल्काचे बोलणे हिंदीत होई, कारण पैशाचा व्यवहार बाहेरचा होता. शुभंकरोती मराठीत, आणि त्यानंतर लगेच रेडिओवरचे क्रिकेट हिंदीत. आई हे सारे जाणून होती. तिने मुलांना कधी ‘मराठीत बोला’ म्हणून दटावल्याचे मी ऐकले नाही, आणि यात तिचा पराभव होता असेही मला वाटत नाही. नापास झाल्याची वार्ता हिंदीत ऐकून तिने काही उत्तर दिले नाही. पाने घेतली. मुलाने ‘आई, वाढ’ म्हटल्यावरच ती बोलली, आणि तेही आमटीविषयी.

या मौनातील सारे नाट्य ओळखणारी कथा ओकाडा किंवा यामामोतो यांच्या हाती पडली असती तर तिचे काय झाले असते, याची कल्पना करता येते. मराठीत ती मला अद्याप वाचावयास मिळालेली नाही. दोन्ही मुक्तिबोधांची पुस्तके एका टेबलावर ठेवून, एका घरातील पुस्तके म्हणून वाचणारा समीक्षकही मला अजून भेटलेला नाही. गोहलपूरचा तो थोरला मुलगा पुढे नोकरीनिमित्त दूर गेला. आईला तो पत्रे लिही ती हिंदीत, देवनागरी लिपी दोहोंना समान असल्यामुळे तिला वाचण्यात अडचण पडत नसे. ती उत्तर मराठीत धाडी. फक्त पाकिटावरचा पत्ता ती हिंदीत लिहीत असे.