स्टेअरिंगमधला प्ले

उभ्या असलेल्या जुन्या फियाटचं स्टेअरिंग दोन बोटांनी हलकेच हलवून बघावं. जरासं डावीकडे, जरासं उजवीकडे. पुढची चाकं जागची हलत नाहीत. हाताला एक सैल जागा लागते आणि तिच्या दोन्ही टोकांना लोखंडाला लोखंड भिडल्याचा बारीक ठोका. गॅरेजमध्ये या सैल जागेला ‘प्ले’ म्हणतात. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी हा प्ले बघतो आणि मग भाव पाडतो. मला विचाराल तर गाडीची हकिगत ऐकायला सुरुवात इथूनच करावी. आषाढापासून दिवाळीपर्यंत, दर शनिवार-रविवारी, घरच्या १९७९ सालच्या प्रीमियर पद्मिनीचा स्टेअरिंग कॉलम आणि आतला सगळा साज मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोलला आणि पुन्हा उभा केला. त्यात जे हाताला लागलं, त्याचं हे रसग्रहण.

पद्मिनीच्या कॉलमवर स्टेअरिंग आहे तसा गिअरही आहे. आज गिअरचा दांडा दोन सीटच्या मधोमध जमिनीतून वर येतो. पद्मिनीत तो स्टेअरिंगच्या खाली, डाव्या हाताशी, आडवा निघतो. ही तऱ्हा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तिकडच्या गाड्यांनी गिअर कॉलमवर नेला आणि पुढच्या सलग सीटवर तिघांना ऐसपैस जागा झाली. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात दान्ते जाकोझा यांच्या हातची फियाट ११००/१०३ आली, तिनेही हीच तऱ्हा घेतली. ही गाडी पुढे जिथे बनली, त्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कामगारांना अमेरिकन गाड्यांचा सराव होताच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिथे आधी डॉज, प्लायमथ, डिसोटो जुळवल्या होत्या. मग फियाट ११०० आली, जिच्या गोल फुगीर अंगामुळे आपण तिला लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतो. १९६४ साली चौकोनी ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. इंजिन मात्र तेच, १०८९ सीसीचं. मागे बिल्ला प्रीमियरचा असला तरी घरोघरी ती फियाटच राहिली. माझी आई आजही तिला पद्मिनी म्हणत नाही.

डेट्रॉइट, तुरीन, कुर्ला असा हा प्रवास कॉलमच्या त्या एका आडव्या दांड्यात साठलेला आहे. आणि आतली सगळी रचना त्याच्यावरच बेतलेली आहे. गिअर वर आहे म्हणून पुढची सीट सलग आहे. सीट सलग आहे म्हणून आई-बाबांच्या मधे मी बसत असे, पायाखाली गिअरबॉक्सचा उंचवटा घेऊन. बाबा गिअर टाकत तेव्हा त्यांचा हात माझ्या गुडघ्याला न लागता छातीसमोरून जाई. आता काही हौशी लोक पद्मिनीचा गिअर कापून खाली जमिनीवर आणतात आणि पुढे दोन बकेट सीट बसवतात. शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींना कारखान्यातूनच तशी रचना मिळाली होती, हे खरं. तरी मला ते भजनातून टाळ काढून घेतल्यासारखं वाटतं. गाडी चालेल, पण तिचा ठेका गेला.

खोलायची सुरुवात बॅटरीच्या वायरपासून. हॉर्नची वायर कॉलममधून वर येते, तिला चुकून धक्का लागला तर सोसायटी जागी होते आणि वायर जळते ती वेगळीच. मग मधलं झाकण, मग मोठा नट. नट सैल करण्याआधी शाफ्टवर आणि स्टेअरिंगच्या बुडावर, दोन्हींवरून जाईल अशी एक पंचाची खूण मारून ठेवायची. शाफ्टला बारीक दाते असतात. एक दाता इकडचा तिकडे झाला की सरळ रस्त्यावर स्टेअरिंगचे आरे तिरके दिसतात. चाळीस वर्षं न निघालेलं स्टेअरिंग सहज येत नाही. गंज सोडवणारं तेल सोडून मी ते रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुलर लावला. हातोडीचा मोह इथे मोठा असतो. पण वरून मारलेला प्रत्येक ठोका शाफ्टच्या अंगाने खाली उतरतो आणि थेट स्टेअरिंग बॉक्समधल्या बेअरिंगवर बसतो. पुलरने एकदा ‘टक्’ असा आवाज आला आणि स्टेअरिंग हातात आलं.

ते नुसतं हातात घेऊन बघण्यासारखं आहे. घेर मोठा, कडा बारीक. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या काळात घेर हीच ताकद होती. जेवढा घेर मोठा तेवढं उभ्या गाडीत चाक वळवायला कमी जोर. कडा मात्र एवढी बारीक की तळहातापेक्षा बोटांनीच ती धरावी. आतल्या बाजूला बोटांसाठी हलक्या लाटा आहेत. बाबांच्या उजव्या हाताखालच्या लाटा झिजून सपाट झाल्या होत्या, डावीकडच्या शाबूत होत्या, कारण त्यांचा डावा हात बराच वेळ गिअरवर असे. कडेच्या प्लॅस्टिकला तीन ठिकाणी चिरा पडल्या होत्या आणि एका चिरेतून आतली लोखंडी कडी दिसत होती. चिरा नुसत्या भरून चालत नाही. आधी त्या इंग्रजी व्ही आकारात कोरून रुंद कराव्या लागतात, आतला गंज खरवडावा लागतो, तेव्हा कुठे इपॉक्सी धरते. मग पॉलिश पेपर: ऐंशी नंबर, दोनशे वीस, चारशे, शेवटी पाण्याचा. रंग देण्याआधी मी बराच वेळ थांबलो. झिजलेल्या लाटा भरून पुन्हा उठवणं सहज शक्य होतं. मी त्या भरल्या नाहीत. चीर हा दोष आहे, झीज हा वापर आहे, आणि जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्याला या दोन्हींतला फरक बोटांनी कळला पाहिजे.

आता खाली, स्टेअरिंग बॉक्सकडे. शाफ्टच्या तळाशी पेचदार वर्म असतो. तो फिरला की त्याच्यात अडकलेला भाग आडवा सरकतो, त्याच्याबरोबर ड्रॉप आर्म, त्याच्याबरोबर चाकं. या वर्मची झीज सगळीकडे सारखी नसते. तो मधोमध झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. टोकाकडचे पेच, जे फक्त गल्लीच्या वळणावर आणि पार्किंगमध्ये कामाला येतात, ते जवळजवळ नवेच असतात. बॉक्सच्या अंगावर एक ॲडजस्टिंग स्क्रू आहे. मधला प्ले काढायला तो आवळत गेलं तर सरळ चालताना स्टेअरिंग घट्ट, सुरेख वाटतं. पण पूर्ण वळवलं की तेच स्टेअरिंग नव्यासारख्या टोकांवर अडकतं, आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. मी पहिल्या दिवशी स्क्रू जास्त आवळला होता. जॅकवर उचललेल्या गाडीत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तेव्हा ते जड झालेलं कळलं. मग स्क्रू परत मागे घेतला, गिअर ऑइल बदललं, आणि मधे बोटभर जागा ठेवली. हा प्ले त्या यंत्राचा स्वतःचा आहे. तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीवरचा दोरा जिथे आणून सोडतात, तशी ही जागा आहे. ती शोधायची असते, आवळून नाहीशी करायची नसते.

गिअरचा प्ले मात्र निराळा आणि त्याला क्षमा नाही. कॉलमवरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सांधे किती! दांड्याचा खिळा, कॉलमला समांतर जाणारी नळी, तिला धरणारी बुशं, तळाशी छोटे हात, तिथून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या सळया. लहानपणी ओळीने बसून आपण कानगोष्टी खेळायचो, तसं हे आहे. हाताने सांगितलेलं ‘दुसरा’ खाली पोचेपर्यंत काही तरी भलतंच होतं. प्रत्येक बुशात केसाएवढी झीज, आणि शेवटी दांड्याच्या टोकाला वीतभर झोल. लोक अशा वेळी गिअरबॉक्सला दोष देतात आणि तो उतरवून बसतात. मी एकेक सांधा वेगळा धरून हलवला तेव्हा झीज नेमकी कुठे आहे ते कळलं: दोन बुशं आणि एक पिन.

बुशांसाठी मी आधी पुण्यात नाना पेठेत फिरलो, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथेच तिचे सुटे अवयव ढिगाने मिळावेत, यात काही वावगं नाही. रबराची बुशं मिळाली, पण हाताला ती फार मऊ वाटली. शेवटी लेथवर गेलो. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी जुनं बुश खिशातल्या रुमालाने पुसलं, व्हर्नियरने मोजलं आणि विचारलं, “साहेब, टाइट बसवू की फिरतं ठेवू?” मी म्हटलं, “फिरतं ठेवा काका, पण बोलता कामा नये.” ते हसले. त्यांनी नायलॉनचा दांडा लेथला लावला आणि अर्ध्या तासात दोन पांढरी बुशं माझ्या हातावर ठेवली. त्या दोन तुकड्यांनी दांड्याचा झोल एका बोटावर आणला.

आतल्या साजाबद्दल थोडक्यात सांगता येणार नाही, कारण तिथे चाळीस वर्षांचे थर होते. पुढच्या सीटवर वर सुती खोळ, तिच्याखाली नव्वदच्या दशकातलं मखमली कव्हर, त्याच्याखाली तपकिरी रेक्झिन, आणि त्याच्याही खाली मूळचं. जुन्या पोथीच्या संपादकाला पाठभेद तपासताना जसं होत असेल, तसं मला वाटत होतं: कुठला थर कुणाच्या हातचा, कुठला मूळ. उत्तर पायपिंगच्या दुमडीत सापडलं. शिवणीच्या आत दुमडलेल्या बोटभर पट्टीला ऊन कधी लागलंच नव्हतं, तिथे मूळ रंग जसाच्या तसा होता, ओल्या शेवाळासारखा हिरवा. वरच्या दिसणाऱ्या भागाचा रंग उडून मातकट झाला होता. तो हिरवा तुकडा खिशात घालून मी रेक्झिनची दुकानं पालथी घातली.

हा शब्दही बघा. रेक्झिन हे मँचेस्टरजवळच्या हाइड इथल्या एका कंपनीच्या मालाचं नाव, कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन केलेलं नकली चामडं. तो माल कधीच गेला, आज मिळतं ते पीव्हीसी, पण मराठी गिऱ्हाईक अजून रेक्झिनच मागतं आणि दुकानदार रेक्झिनच विकतो.

सीटच्या पोटात स्प्रिंगा, त्यांच्यावर गोणपाट, त्यावर काथ्याची गादी. कुशनवाल्यांनी काथ्या टाकून फोम भरायचा आग्रह धरला, “साहेब, लई मऊ होईल.” मऊ होईल यात शंका नव्हती. पण काथ्या दाबला जातो आणि परत उठतो, त्याला एक करकर असते, आणि उन्हात तापला की त्याचा नारळाचा वास येतो. त्या वासाशिवाय ती गाडी माझी नव्हे. शेवटी काथ्या नवा आणला आणि वर जेमतेम अर्धा इंच फोम घातला, एवढी तडजोड केली. रेक्झिनवर हल्ली सर्रास घालतात ती चौकडीची रजईसारखी शिलाई मात्र घालू दिली नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी आपल्या छताला आणि सीटला फुलं, चकाकी, आरसे लावले, ते सुंदर होतं, कारण तो चालकाचा स्वतःचा शृंगार होता. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३च्या ऑक्टोबरात थांबली, तेव्हा तिच्याबरोबर ही कलाही रस्त्यावरून गेली. घरच्या गाडीचा घाट मात्र सरळ रेषांचा. सरळ उभ्या शिवणी, एकाच रंगाची पायपिंग, बस.

छताचं कापड सगळ्यात अवघड. ते आडव्या सळयांवर तंबूसारखं ताणलेलं असतं, आणि त्याच्या कडा पुढच्या-मागच्या काचांच्या रबराखाली जातात. म्हणजे काचा काढल्याशिवाय नीट काम होत नाही. मधली सळई आधी, मग पुढे एक, मागे एक, असं मधून बाहेर जायचं. एका बाजूने ताणत गेलं की दुसऱ्या टोकाला वळ्या साठतात आणि त्या जात नाहीत. इथे मला ऑक्टोबरच्या उन्हाने मदत केली. दारं बंद करून गाडी दुपारभर उन्हात ठेवली, रेक्झिन तापून मऊ झालं, आणि कडा सैल सोडून पुन्हा ओढल्यावर राहिलेल्या दोन वळ्या मिटल्या. चिकटवण्याआधी एसआर नावाचा गोंद दहा मिनिटं सुकू द्यावा लागतो. ती दहा मिनिटं हात वर धरून उभं राहणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात कठीण काम.

वसुबारसेच्या दिवशी स्टेअरिंग परत चढवलं. पंचाची खूण खुणेला लागली, आरे आडवे सरळ आले. हॉर्न एकदाच वाजवला. आई वरून खाली आली. ती कधी गाडी चालवायला शिकली नाही, पण तीस वर्षं त्या दांड्याच्या शेजारी बसली होती. दार उघडून तिने नव्या सीटवरून हात फिरवला, शिवणीची रेघ बोटाने तपासली आणि आत बसली. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून मी क्लच दाबला. दांडा एकदाच, आवाज न करता बसला. आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, “पडला दुसरा.”