जेफ बेक व त्याचे स्मरणकर्ते

इंग्लंडमधील नामांकित रॉक गिटारवादक जेफ बेक १० जानेवारी २०२३ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, मेंदूच्या आवरणास झालेल्या जंतुदोषानें वारला. त्याच्या मागें चाहत्यांनीं व समव्यवसायी वादकांनीं लिहिलेल्या आठवणी थोड्याथोडक्या नाहींत. त्यांतील बऱ्याच आम्हीं वाचल्या. रॉक संगीताचे आम्ही भक्त नव्हे. त्याच्या गोंगाटाविषयीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत असलेली अढी आमच्याही मनांत आहे. परंतु गुणी वादक गेल्यावर त्याच्या श्रोत्यांनीं काय आठवावें, हा प्रश्न कोणत्याही संगीतास सारखाच लागू आहे, आणि प्रस्तुत लेखनांत त्याचें उत्तर बहुधा चुकलेलें दिसतें.

बहुतेकांस आठवतो तो त्याचा तऱ्हेवाईकपणा. १९६५ सालीं एरिक क्लॅप्टनच्या जागीं तो ‘यार्डबर्ड्स’ या मंडळींत शिरला आणि पुढच्याच वर्षीं तेथून बाहेर पडला. स्वतःचें पथक उभारलें, तेंही १९६९ मध्यें वुडस्टॉकचा प्रचंड जलसा तोंडावर आला असतां मोडलें. जुन्या मोटारी खोलण्या-जोडण्याचें त्यास विलक्षण वेड होतें. या गोष्टी खऱ्या आहेत, व त्या सांगणारांचा जिव्हाळाही खोटा नाहीं. पण त्यांतून गिटार काढून घेतली तर शिल्लक राहतो तो एक हट्टी, मोटारवेडा गृहस्थ. असे गृहस्थ सरे परगण्यांत शेंकड्यांनीं सांपडतील.

दुसरा वर्ग तुलनाकारांचा. क्लॅप्टन थोर, बेक थोर, कीं बेकचा लहानपणापासूनचा मित्र जिमी पेज थोर, हा खल ऐन सुतकांतही चालूच होता. आठ ग्रॅमी पारितोषिकांचा दाखला देण्यांत आला. २२ जानेवारी २०२५ रोजीं लंडनच्या क्रिस्टीज पेढीनें बेकच्या गिटारींचा लिलाव केला, तेव्हांपासून पौंडांचाही हिशेब सुरू झाला. ‘ब्लो बाय ब्लो’ या १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जी दिसते ती १९५४ सालची गिटार १० लक्ष पौंडांहून अधिक किंमतीस गेली. घेणारास लांकूड व तारा मिळाल्या.

थोड्यांनीं मात्र त्याचा उजवा हात आठवला आहे, आणि आमच्या मतें तेच खरे स्मरणकर्ते. छेडलेल्या तारेचा नाद आघाताच्या क्षणीं सर्वांत मोठा असतो व नंतर विरत जातो. मनुष्याच्या कंठाचें तसें नाहीं, तेथें स्वर हळूच उगवून मग फुलूं शकतो. ही तारेची जन्मजात उणीव बेकनें ओळखली होती. १९८० नंतर त्यानें नखी टाकून दिली व अंगठ्यानें आणि बोटांनीं तारा छेडण्यास आरंभ केला. तार छेडतांना आवाजाची कळ मिटलेली ठेवावयाची आणि लागलीच करंगळीनें ती उघडावयाची, म्हणजे आघात लपतो व स्वर श्वासासारखा येतो. त्याच हातानें तारांचा ताण कमीजास्त करणारी दांडी हालवून तो एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाई. विलायती चाहते ‘त्यानें गिटार गावयास लाविली’ एवढेंच म्हणून थांबतात. आपल्याकडे यास गायकी अंग असा नेमका शब्द आहे, व तो येथें वापरण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

हा आमचा आपलेपणाचा अट्टाहास आहे असें कोणी म्हणेल, म्हणून दोन उदाहरणें देतों. १९६५ सालीं ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गीतासाठीं प्रथम एका सतारियास बोलाविण्यांत आलें होतें. तें मनाजोगें न जमल्यानें बेकनें तीच सुरावट विजेच्या गिटारवर, नाद जाणूनबुजून खरखरीत करून, वाजविली. तेथें सतारीचा केवळ रंग घेतलेला आहे. वीस वर्षांच्या तरुणाची ती हुशारी होती. पुढें २००१ मध्यें ‘यू हॅड इट कमिंग’ या ध्वनिमुद्रिकेंत त्यानें नितीन साहनी याची ‘नादिया’ ही रचना वाजविली. मुळांत ती १९९९ च्या ‘बियाँड स्किन’ या संग्रहांतील असून स्वाती नाटेकर यांनीं गायिलेली आहे. (आडनांव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतील, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.) या वेळीं बेकनें रंगाचा नाद सोडला आहे. नाटेकरांचा आवाज जेथें किंचित् थरथरतो, जेथें स्वरास नुसता स्पर्श करून परततो, तेथें तो त्यांच्या मागोमाग जातो, आणि ते बारकावे सांभाळतांना त्याचा स्वतःचा स्वरही हरवत नाहीं. असें वादन ऐकून ज्यानें आपल्या आठवणींत मोटारींस प्राधान्य दिलें, त्यानें ऐकलें तरी काय, अशी शंका येते.

लेखकांपेक्षां वादकांचें वर्तन बरें म्हणावें लागेल. २२ व २३ मे २०२३ रोजीं क्लॅप्टननें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें दोन स्मरणजलसे घडवून आणले. तेथें बेकच्या चिजा इतरांच्या हातून वाजल्या, आणि त्या वाजवून पाहणारासच गेलेल्या माणसाच्या करंगळीची किंमत कळते. आमच्या वाचकांस असा जलसा लाभणें कठीण. त्यांनीं ‘नादिया’ प्रथम नाटेकरांची ऐकावी, लगेच बेकची ऐकावी, व मग पुन्हां नाटेकरांकडे यावें.