पाप्यांच्या तोंडी प्रार्थनागीते

जोएल व ईथन कोएन या बंधूंचा ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा चित्रपट २००० साली पडद्यावर आला. त्यातील जुन्या अमेरिकन लोकगीतांच्या अल्बमने २००२ साली वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळविले. कंट्री संगीताच्या बहुतेक रेडिओ केंद्रांनी पाठ फिरविली असतानाही एकट्या अमेरिकेत त्याच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. या यशाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु श्रद्धावंत श्रोत्याच्या मनात एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. या अल्बममधील बरीच गीते परमेश्वराची, मरणाची व पैलतीराची आहेत. आणि चित्रपट तर विनोदी, थट्टेखोर आहे. मग या श्रद्धेची येथे टवाळी झाली आहे काय?

कथा १९३७ सालच्या मिसिसिपी राज्यात घडते. एव्हरेट, पीट आणि डेल्मर हे तीन कैदी पळून जातात, आणि होमरच्या ‘ओडिसी’ची दूरची आठवण करून देणारा त्यांचा प्रवास सुरू होतो. वाटेत एका रानात पांढऱ्या वस्त्रांतील माणसांची रांग झाडांमधून संथपणे नदीकडे जाताना त्यांना दिसते. डेल्मर धावत जाऊन पाण्यात शिरतो, बाप्तिस्मा घेतो आणि आपले सारे गुन्हे धुऊन निघाले, असे आनंदाने जाहीर करतो. देवाने क्षमा केली तरी सरकार करणार नाही, या अर्थाचा टोमणा एव्हरेट मारतो. प्रेक्षक हसतात. मात्र त्याच वेळी ॲलिसन क्राउस आणि टेनेसीमधील एका बॅप्टिस्ट चर्चचा गायनवृंद ‘डाऊन टू द रिव्हर टू प्रे’ गात असतात. वाद्य एकही नाही. आधी एक आवाज, मग त्याला मिळणारे अनेक. त्या गाण्यात उपहासाचा लवलेशही नाही. पटकथा हसते, संगीत हसत नाही. या चित्रपटाचे खरे बळ याच अंतरात आहे, असे मला वाटते.

संगीताचे निर्माते टी-बोन बर्नेट यांनी बहुतेक गीते चित्रीकरणापूर्वीच ध्वनिमुद्रित करून घेतली होती. त्यामुळे गीत हे प्रसंगाची सजावट ठरत नाही. प्रसंगच गीताभोवती बांधला जातो. याचा सर्वांत भयंकर प्रत्यय ‘ओ डेथ’मध्ये येतो. मृत्यूने आणखी एक वर्ष द्यावे, अशी विनवणी करणारे हे गीत राल्फ स्टॅनली यांनी साथीविना म्हटले आहे. बर्नेट यांना प्रथम बँजोची साथ हवी होती, स्टॅनली यांना ती नको होती. ज्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट परंपरेत ते वाढले, तिच्या उपासनेत वाद्ये वाजवीत नाहीत. तिचा कोरडा, खडबडीत आवाज येथे जसाच्या तसा ऐकू येतो. मात्र पडद्यावर हे गीत कू क्लक्स क्लानच्या म्होरक्याच्या तोंडी आहे, आणि समोर एका कृष्णवर्णीय तरुण गायकाला फासावर चढविण्याची तयारी चालली आहे. कृष्णवर्णीय व ज्यू यांच्याबरोबरच कॅथलिकांचाही द्वेष करणारी ही संघटना होती, हे आपण विसरू नये. पवित्र शब्द दुष्टांच्या ओठी किती सहज बसतात, हे दिग्दर्शकांनी येथे निर्दयपणे दाखविले आहे. याला मी टवाळी म्हणणार नाही. हा इशारा आहे. स्टॅनली यांना या गायनाबद्दल वयाच्या ७५व्या वर्षी पहिले ग्रॅमी मिळाले.

शेवटाकडे तिघांसाठी फास तयार असतो. फेअरफील्ड फोर हे नॅशव्हिलचे जुने कृष्णवर्णीय गायक ‘लोन्सम व्हॅली’ गात कबरी खणत असतात. आयुष्यभर देवाला हसलेला एव्हरेट गुडघे टेकतो, प्रार्थना करतो. पुराचे पाणी येते आणि तो वाचतो. पाण्यावर तरंगताना मात्र त्याला लगेच शास्त्रीय कारण सापडते. तो आपली प्रार्थना मागे घेतो. गाणे मात्र मागे घेतले जात नाही. ते प्रेक्षकाबरोबर घरी येते.

या गुणांबरोबर दोषही नोंदविले पाहिजेत. ब्लूग्रास ही शैली १९४५च्या सुमारास बिल मनरो यांच्या वाद्यवृंदात आकाराला आली. १९३७च्या कथेत तिचा बाज कालविसंगत आहे. त्याहून गंभीर बाब नदीच्या गीताची. गुलामगिरीत जगलेल्या माणसांच्या गीतांचा एक संग्रह १८६७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे गीत ‘द गुड ओल्ड वे’ या नावाने आहे, आणि तेथे नदीऐवजी दरी आहे. इतक्या सुंदर गायनातून त्या मूळ गायकांचा मागमूस लागत नाही. सौंदर्यानेही कधी कधी उगम झाकला जातो.

म्हणूनच अल्बमचे पहिले गीत मला सर्वांत मोलाचे वाटते. ‘पो लॅझरस’मधील लाजरस शुभवर्तमानातला नव्हे, शेरीफच्या माणसांनी पाठलाग करून गोळी घातलेला तो एक गरीब माणूस आहे. १९५९ साली लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी मिसिसिपीच्या तुरुंगात कुऱ्हाडीने लाकडे तोडणाऱ्या कैद्यांकडून हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्यांचा म्होरक्या होता जेम्स कार्टर. अल्बम गाजल्यावर लोमॅक्स यांच्या संग्रहाच्या लोकांनी शोध घेऊन त्यांना शिकागोत गाठले आणि मानधनापोटी २०,००० डॉलर्सचा धनादेश हाती दिला. आपण असे काही गायिलो होतो, हेही ते विसरले होते. २००२च्या ग्रॅमी समारंभाला ते उपस्थित राहिले आणि २००३ साली निवर्तले.

चाळीसहून अधिक वर्षांनी पोहोचलेला तो धनादेश या अल्बमवरील उत्तम भाष्य आहे. ‘पारंपरिक’ असे लिहिले की गीताला धनी नाही, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते कोणीतरी घाम गाळीत, कोणीतरी पाण्यात उभे राहून, कोणीतरी कबरीच्या काठावर गायिलेले असते. या अल्बमने जगाला ती गीते ऐकविली, आणि निदान एका गायकाचे नाव त्याला परत दिले. बाकीच्यांचे ऋण ऐकणाऱ्यावर राहते.