व्हिएतनामचे सैनिक आणि '९५ टक्के': एक गाजलेला अभ्यास कसा वाचावा?

व्यसनावर काहीही वाचायला घ्या, एक उदाहरण हमखास भेटतं. अमेरिकी सैनिक व्हिएतनाममध्ये हेरॉइन घ्यायचे, घरी परतले आणि ९५ टक्के जणांचं व्यसन आपोआप सुटलं. तात्पर्य काय, तर जागा बदला, व्यसन सुटेल. तुमच्या संशोधन प्रस्तावात हे वाक्य टाकणार असाल तर आधी मूळ अभ्यास वाचा. तो या वाक्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

ली रॉबिन्स यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांमधून नमुना निवडला. एक गट सर्वांमधून, दुसरा निघताना लघवीच्या तपासणीत अमली पदार्थ सापडलेल्यांमधून. ८ ते १२ महिन्यांनी सुमारे ९०० जणांना त्यांच्या घरी जाऊन गाठलं, मुलाखती घेतल्या, लघवीचे नमुनेही घेतले. निवडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जण सापडले. पाठपुराव्याच्या अभ्यासात हे किती अवघड असतं, ते फील्डवर्क केलेल्यांना विचारा!

या अभ्यासाची खरी ताकद नमुन्यात आहे. तोपर्यंत व्यसनी माणसाबद्दलचं ज्ञान बहुतेक उपचारकेंद्रातल्या किंवा तुरुंगातल्या लोकांवरून यायचं. तिथे पोचतात ते ज्यांचं व्यसन जास्त गंभीर आणि जुनं आहे ते. जे न येताच सावरले, ते आकडेवारीत दिसतच नाहीत. १९८४ मध्ये कोहेन दांपत्याने या दृष्टिदोषाला 'चिकित्सकाचा भ्रम' म्हटलं.

आता गडबड कुठे होते ते बघू.

पहिली, ९५ टक्के म्हणजे काय? व्हिएतनाममध्ये व्यसन लागलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के जण पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले. तीन वर्षांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के झालं. आणि परतल्यावर निम्म्या जणांनी एकदा तरी हे पदार्थ घेतले होते. 'पुन्हा घेतलं' आणि 'पुन्हा व्यसन लागलं' ही दोन वेगळी मापं आहेत. तुमच्या प्रबंधात कुठलं वापरताय, ते आधी लिहा.

दुसरी, 'आपोआप' हा शब्द. तपासणीत दोषी आढळलेल्यांना विमानात बसवण्याआधी थांबवून शरीरातला अंमल उतरवला जायचा. शिवाय तिकडचं हेरॉइन स्वस्त आणि इतकं शुद्ध की बहुतेकांनी ते ओढलं, टोचून घेतलं नाही. माणसं तरुण, अनेकांचा हेरॉइनशी आधी संबंधच नव्हता. घरी आल्यावर जागा, किंमत, मित्र, भीती, सगळं एकदम बदललं. यातल्या कशामुळे सुटलं, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. रॉबिन्स यांचा हा दोष नाही. दोष आपल्या 'म्हणून'चा आहे.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते. आपल्याकडे दारू पिणाऱ्या मुलाला 'जरा गावी मामाकडे पाठवा, संगत तुटेल' असं सहज सांगतात. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं लागतात. हेरॉइनचं उलट आहे. काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती घटते. परत आल्यावर जुन्याच मात्रेने घेतलं तर तीच मात्रा जीवघेणी ठरते. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनचा उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण कमी राहतं, हे अनेक देशांत दिसलंय. तरी आपल्याकडे त्याला 'एक नशा सोडून दुसरी' म्हणून नाकं मुरडली जातात.

मग या अभ्यासातून घरच्यांनी काय घ्यायचं? 'एकदा लागलं की संपलं' हे खरं नाही, एवढं नक्की. पण उपचाराची गरज नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. घरात कुणी अडकलं असेल तर सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठा, किंवा १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. एखादं केंद्र '९० टक्के यश' सांगत असेल तर तीन प्रश्न विचारा: किती जणांपैकी, किती महिन्यांनी, आणि जे मध्येच सोडून गेले त्यांना कुठे मोजलं?

साहित्याचा आढावा लिहितानाही हेच तीन प्रश्न हाताशी ठेवा. पुढच्या लेखात गळती झालेले सहभागी विश्लेषणात कसे धरायचे ते पाहू.